वेळेचा रकाना

३ ऑक्टोबर

माननीय सल्लागार महोदय,
तळे सुशोभीकरण समिती, यांस —

तळ्यातले मासे नेहमी सकाळीच मेलेले का दिसतात?

तळ्याकाठी फिरायला जाणाऱ्या कोणीही हे पाहिलेले असते. संध्याकाळी पाणी हिरवेगार आणि शांत असते. सकाळी त्याच पाण्यावर पांढरी पोटे वर करून मासे तरंगत असतात. दुपारी तीन वाजता मासे मेले, असे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्या घटनेची वेळ ठरलेली असते, तिचे कारणही शोधता येते, हे मी चौतीस वर्षे शिकवत आले. आपण ते जाणता, कारण एक वर्ष आपण माझ्या शेजारच्या टेबलावर रसायनशास्त्राच्या वह्या तपासल्यात. आणि त्याच्या कितीतरी आधी माझ्या पाटीवर रेघोट्या ओढल्यात.

सख्ख्या धाकट्या भावाला मी अहो-जाहो का करते आहे, असा प्रश्न आपल्याला पडेल. ज्या सहीवर नगरपालिकेचा गोल शिक्का बसतो, त्या सहीला 'अरे' म्हणण्याइतकी मी धीट नाही. शिवाय 'तू' म्हणायला थोडी जवळीक लागते, आणि ती शोधूनही मला सापडली नाही.

आपला अहवाल काल वाचला. पान नऊ म्हणते की शाळेच्या विद्यार्थ्यांनी सलग तीन वर्षे केलेल्या मोजमापांत तळ्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या खाली कधीच आलेला नाही. सबब पाणी उत्तम आहे. सबब २२ सप्टेंबरला मेलेले मासे विषाने मेले 'असावेत'. पान दहावर या 'असावेत'चे 'आहेत' होते. आणि विष घालणारा कोण? तर तळ्यात मासेमारीचा परवाना असलेला एकमेव माणूस, मासे आयते वर यावेत म्हणून. त्याचा परवाना बारा तारखेच्या सुनावणीत रद्द करावा, अशी आपली शिफारस आहे.

या माणसाची मुलगी माझ्या दहावीच्या वर्गात आहे. वर्ग तिला 'टाचणी' म्हणतो: अंगाने तशीच, आणि प्रश्नही तसेच. २२ तारखेला पहाटे साडेपाचला वडिलांच्या होडीतून तिने तळ्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. त्यांत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. पान अकरावर आपण या नोंदीला 'वडिलांच्या बचावासाठी रचलेले निरीक्षण' म्हटले आहे. ती पंधरा वर्षांची आहे, महोदय. बाटलीत बुडबुडा न ठेवता बूच कसे बसवायचे, हे तिला आपण शिकवलेत.

आता राग बाजूला ठेवून, आपल्याला ठाऊक असलेलेच पुन्हा सांगते. उजळणी कोणालाही वाईट नसते. पाण्याला हिरवा रंग देणारे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते. सूर्य मावळला की हा कारखाना बंद पडतो, पण श्वास घेणे कोणाचेच थांबत नाही: माशांचे नाही, गाळातल्या जिवाणूंचे नाही, आणि खुद्द शेवाळाचेही नाही. साठा रात्रभर उतरत जातो आणि उजाडण्याच्या आधी सर्वांत कमी होतो. २२ तारखेआधी तीन दिवस आभाळ भरलेले होते. दिवसाची कमाईच झाली नाही, रात्रीचा खर्च मात्र ठरल्याप्रमाणे झाला. मासे गुदमरले. यात विष कुठे आहे?

तिच्या दोन बाटल्यांपैकी एक माझ्या कपाटात आहे, तोंड पाण्यात बुडवून उलटी ठेवलेली. आपली दोन औषधे, म्हणजे चाचणीची रसायने, घातल्यावर प्राणवायू असेल तर साका तपकिरी बसतो, नसेल तर पांढरा. हा साका भिंतीला लावायच्या चुन्यासारखा पांढरा आहे.

पान अकरा येत्या बारा तारखेच्या आत मागे घ्यावे. एवढेच.

आपली,
भौतिकशास्त्र शिक्षिका


५ ऑक्टोबर

महोदय,

आपले उत्तर पोचले. ते पुरे उतरवून काढते, कारण त्याला फार जागा लागत नाही:

"ताई, आकडे तुझ्याच वह्यांतले आहेत. मी फक्त सरासरी काढली."

एवढे उत्तर आपण परीक्षेत लिहिले असते, तर मी समासात 'स्पष्टीकरण द्या' असे लिहून निम्मे गुण कापले असते.

स्पष्टीकरण मीच देते. या ऋतूत, या तापमानाला पाण्यात लिटरमागे फार तर आठ मिलिग्रॅम प्राणवायू निमूटपणे मावतो. आमच्या वह्यांत दहा आहे, अकरा आहे, एकदा बाराही आहे. हा आकडा आरोग्याचा नसून तापाचा आहे. रुग्णाचे अंग गरम लागले म्हणून 'वा, काय ऊब आहे!' असे कोणी म्हणत नाही. तळे दुपारी प्राणवायूने फसफसत होते, कारण ते शेवाळाने गच्च भरले होते. आणि शेवाळ माजले होते, कारण नव्या वसाहतीचे सांडपाणी आणि धुलाईकेंद्राचे साबणपाणी चार वर्षे त्याच तळ्यात सुटते आहे. साबण आणि मैला हे शेवाळाचे खत आहे. आपल्या चौदा पानांत त्या नाल्याला दीड ओळ मिळाली आहे, आणि तीही त्याच्यावर बांधायच्या शोभेच्या पुलासंबंधी आहे.

हे सारे मुलांना एकत्र दिसावे म्हणून तर आपण शिक्षकांनी मिळून तो तळ्याचा उपक्रम काढला होता! एक तळे, एक वही, चार रकाने. प्रकाश किती खोल जातो ते भौतिकशास्त्र मोजेल, प्राणवायू रसायनशास्त्र, शेवाळ आणि किडे जीवशास्त्र, नाल्यांचा नकाशा भूगोल काढेल. पृथ्वीवर काय बिघडते आहे हे धड्यातून सांगितले की मुले जांभया देतात. घराशेजारचे तळे का बिघडते आहे असे विचारले, की तीच मुले जेवणाची सुट्टी विसरून भांडतात. पहिल्या वर्षी नाल्याच्या तोंडाशी सहा प्रकारच्या अळ्या होत्या आणि तिसऱ्या वर्षी एकच उरली, तेव्हा मुलांनी कोणी न सांगता नाल्यांचा नकाशा पुढ्यात ओढला. आपण ते पाहिले नाहीत. आपण तोवर शाळा सोडून गेला होतात.

काल मुख्याध्यापिकांनी टाचणीला बोलावले. मलाही.

"बाटल्या कुणाला विचारून नेल्यास?"

"कुणालाच नाही, मॅडम."

"म्हणजे चोरी."

"परत आणल्या ना. एक धुऊन, एक भरून. चोर भरून आणतो का?"

"तोंड आवर. साडेपाचला तू तळ्यावर काय करत होतीस?"

"जाळं काढायला जाते बाबांबरोबर. रोजच. त्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. सरांनी शिकवलं होतं, वेगळं काही दिसलं तर आधी पाणी भर, मग बोंब मार."

मुख्याध्यापिकांना हसू आले होते. त्यांनी ते फायलीआड लपवले. मग त्यांनी अहवालाचे पान बारा उघडले. तिथे आपण लिहिले आहे की 'त्याच शाळेतील ज्येष्ठ शिक्षिकेनेही ही नोंद अशक्य ठरवून फेटाळली आहे.' त्यांनी माझ्याकडे पाहिले. टाचणीनेही पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. मैदानात कवायत चालू होती.

त्या शेऱ्याचा आपण विपर्यास केला आहे. त्याविषयी पुन्हा कधी.

निर्णय असा: सुनावणीपर्यंत उपक्रम बंद, टाचणीला प्रयोगशाळेत मनाई. सुनावणी विरुद्ध गेली तर 'खोटी नोंद केली' असा शेरा तिच्या शाळेच्या दाखल्यावर. म्हणजे वडिलांचा परवाना आणि मुलीचा दाखला, दोन्ही आपल्या एका सरासरीखाली दबले आहेत. आपण सरासरी काढता तेव्हा तिच्याखाली कोण आहे, हे पाहण्याची सवय असेल तर बघा.

बाटलीतला साका आज किंचित पिवळट दिसला. बुचातून हवा शिरते आहे. आपला अहवाल दिवसेंदिवस खरा होत चालला आहे, अभिनंदन.

भौतिकशास्त्र शिक्षिका


८ ऑक्टोबर

मी आज पहाटे तळ्यावर गेले होते.

सव्वापाचला निघाले. गुडघे कुरकुरत होते. रस्त्यावरचे दिवे चालू होते आणि झाडणाऱ्या बायका माझ्याकडे संशयाने बघत होत्या. काठावर टाचणीचे वडील होडी पुसत बसले होते. मी आले आहे हे पाहून ते उठले नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांचा राग आला नाही.

"या बाई. आज इकडे कशा?"

"पाणी मोजायला."

"ते तर तीन वर्षं मोजताय की. पण तुम्ही येता जेवायच्या वेळेला." त्यांनी फडके पिळले. "पोरगी घरी येऊन सांगायची, बाबा, आपलं तळं एकदम झकास आहे, अकरा आलं. मी म्हणायचो, बाई गं, तुमचं तळं दुपारी बाराचं, माझं पहाटे पाचचं. दोन्हींची भेट नाही."

"मग तुम्ही शाळेत येऊन सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? चार-चार मास्तर काठावर उभे, हातात काचेच्या नळ्या. त्यांना मी सांगू, तुमची वेळ चुकली म्हणून?"

मी बाटल्यांची पिशवी पुढे केली.

त्यांनी मला होडीत घेतले. पाणी दिसण्याआधी ऐकू आले: असंख्य ओली तोंडे उघडत-मिटत असल्याचा तो बारीक मचमच आवाज. उजेड आला तसे मासे दिसले. हजारोंनी, पृष्ठभागाला चिकटून, तोंडे वर. पाण्याचा सर्वांत वरचा, हवेला लागलेला केसभर थर ते पीत होते. मुलांना मी फळ्यावर हे कितीदा काढून दाखवले आहे. आकृतीत मासे बाणासारखे सरळ असतात. प्रत्यक्षात ते डुलतात, आणि त्यांचे डोळे आकृतीत नसतात.

दोन बाटल्या भरल्या. शाळेत येऊन टाचणीला मनाई असलेल्या त्याच टेबलावर मोजले: दीड मिलिग्रॅम. आज आभाळ स्वच्छ असूनही दीड. दुपारी साडेबाराला पुन्हा गेले, त्याच जागी: साडेदहा मिलिग्रॅम. सात तासांत, एकाच पाण्यात! राग असूनही मी टेबलाशी उभी राहून हसले, इतके ते सुंदर होते. हे ज्याला सांगावे असा या शहरात एकच माणूस आहे, आणि तो पान अकराचा लेखक आहे.

परतताना टाचणीच्या वडिलांनी विचारले, "ते बुडबुडे सर तुमचे भाऊ ना?"

मुले तुला हेच म्हणत. 'एक बुडबुडा आत राहिला की बाटली खोटं बोलते' हे तू तासातून दहा वेळा बजावत असायचास म्हणून.

"हो," मी म्हटले.

"पोरीला फार आवडायचे ते. अजून म्हणते, सरांनी मुद्दाम नसेल लिहिलं, कुणीतरी लिहायला लावलं असणार."

मी तिचा गैरसमज दूर केला नाही. तू कोणाच्या सांगण्यावरून लिहिणाऱ्यातला नाहीस, हे मला माहीत आहे. तू हे स्वतः लिहिलेस, विचार करून, आणि कोणासाठी लिहिलेस तेही मला कळते.

वर 'तू' लिहून गेले. खोडत नाही. तो सलगीचा नाही. घरात भांडताना आपण एकमेकांना जो 'तू' म्हणायचो, तो आहे.


१० ऑक्टोबर

तुझ्या उत्तराची वाट पाहणे मी थांबवले आहे. तेव्हा जे लिहायचे टाळत होते ते आज क्रमाने लिहिते. क्रम चुकला की माझे मला समजत नाही.

टाचणीच्या वहीतला तो शेरा माझाच आहे. 'अशक्य. रसायने तपासा. पुन्हा मोजा.' तांबड्या शाईत, खाली माझी सही. तू विपर्यास केलेला नाहीस. शब्दशः उतरवला आहेस. २३ सप्टेंबरला तिने वही पुढे केली, तेव्हा मी तीन वर्षांची दहा-अकरा मिलिग्रॅमची रांग पाहिली, तिच्याखाली ते शून्याला टेकलेले निरीक्षण पाहिले, आणि बाटली न बघता लिहून टाकले. ती म्हणाली, "बाई, साका पांढरा आहे, एकदा बघा तरी." मी म्हटले, "वर्गात जा." चौथ्या दिवशी ती नसताना मी गुपचूप बाटली पाहिली आणि कपाटात ठेवली. शेरा मात्र तसाच ठेवला. त्याच आठवड्यात तुझ्या समितीने वह्या मागवल्या आणि मी गठ्ठा बांधून दिला. शेऱ्यासकट.

आता दुसरे. काल पहिल्या वर्षाची माझी स्वतःची टिपणवही काढली; ती गठ्ठ्यात गेली नव्हती. तिच्यात तुझी चिठ्ठी आहे, निळ्या शाईत, तुझ्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात:

"ताई, दुपारचेच आकडे फसवे ठरतील. महिन्यातून एकदा तरी पहाटे मोजू या. मी मुलांना घेऊन जाईन, पालकांची परवानगी मी आणतो."

तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी. सांडपाणी सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. तू बरोबर होतास. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

मी त्या दिवशी काय केले ते तुला आठवते. मला मात्र आठवत नव्हते, कारण मी त्याला गंमत समजत होते. शिक्षकांच्या खोलीत, सर्वांदेखत, चिठ्ठी मोठ्याने वाचून मी म्हटले होते, "आमची शाळा साडेदहाला भरते. तळ्याला निरोप द्या, त्यानेही साडेदहालाच हजर राहावं. आणि धाकटे बंधू पहाटे उठणार असतील तर त्याचीच नोंद आधी करा!" सगळे हसले. जीवशास्त्राच्या बाईंना ठसका लागला. तू डबा झाकलास आणि उठलास. वर्ष संपल्यावर राजीनामा दिलास. मी घरी सर्वांना सांगितले, त्याला टीका सोसत नाही.

ती वेळ मी का सोडली नाही? ती धरून ठेवण्याला शास्त्रीय कारण काही नव्हते. तिसरा-चौथा असा सलग जोडतास चार विषयांना मिळवून देण्यासाठी मी दोन महिने वेळापत्रकाशी झटले होते. ते माझे सर्वांत देखणे काम होते. चारही विषय एका वेळी, एका तळ्यावर! त्या वेळेलाच कोणी नावे ठेवावीत हे मला सहन झाले नाही. चार विषयांनी मिळून चार रकाने आखले. किती वाजता मोजले, हा रकाना कोणाच्याच विषयात येत नव्हता, म्हणून तो वहीत आलाच नाही. अशी चूक फक्त शाळाच करू शकते: घंटा आपण वाजवतो, म्हणून वेळ सगळीकडे तीच आहे असे आपल्याला वाटते.

म्हणजे माझे लिहून झाले. आता तुझे.

तुला हे सारे ठाऊक होते. दुपारचे आकडे फसवे आहेत हे या शहरात सर्वांआधी तुला कळले होते. तरी तेच आकडे घेऊन तू सरासरी काढलीस. मला उघडे पाडायचे होते तर पान नऊवर दोन ओळी पुरल्या असत्या: 'मोजमापांची वेळ सदोष आहे.' तू तसे लिहिले नाहीस, कारण मग मी चुकले एवढेच झाले असते. माझी चूक कायमची शिक्क्याखाली जावी आणि मलाच ती खरी म्हणून मिरवावी लागावी, असे तुला हवे होते. ती खोटी ठरवायची तर ही चिठ्ठी मीच पुढे करायला हवी, आणि ताई मरेल पण स्वतःची चूक चारचौघांत दाखवणार नाही, असे तू गृहीत धरलेस.

तुझी ताई तशीच होती, हे मान्य. पण या सूडात तू एक मुलगी आणि एक होडी घातलीस. माझ्यावर उगवायचा होता तो सूड तू त्यांच्यावर उगवलास, आणि त्यासाठी तुला क्षमा नाही. माझ्याकडून तर नाहीच.

साका आज चहाच्या पाण्याच्या रंगाचा आहे. पुरावा म्हणून ती बाटली संपली. परवा मी चिठ्ठी घेऊन येते.


१३ ऑक्टोबर

काल सुनावणीला तू तिथे होतास. तरी लिहिते, कारण तू बराच वेळ टेबलाकडेच पाहत होतास आणि काही गोष्टी तुझ्या नजरेतून सुटल्या.

समितीच्या अध्यक्षांनी चिठ्ठी तुझ्यापुढे सरकवली. "सर, हे अक्षर तुमचं का?"

तू चष्मा काढून पुसलास. आपले बाबा वेळ काढायला असेच करत. "अक्षर माझं आहे. पण ती सूचना फेटाळली गेली होती."

"कुणी फेटाळली?"

"ताईनं." मग सावरून: "म्हणजे, बाईंनी."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे बहीण-भावाच्या भांडणात आमचे मासे मेले होय?" आणि सभागृह हसले. तीन वर्षांपूर्वी शिक्षकांची खोली हसली होती, अगदी तसेच. मी तुझ्याकडे पाहिले. तुलाही ते आठवले असावे. तुझे कान तांबडे झाले होते.

मी उभी राहिले. "मासे सांडपाण्यानं मेले," मी म्हटले. "आमच्या भांडणानं ते तीन वर्षं झाकलं. झाकणाऱ्यांत पहिली मी."

नंतर मी टाचणीची वही मागितली. आपल्या उपक्रमाचा नियम तुझ्या लक्षात असेल: चुकलेली नोंद रबराने पुसायची नाही, वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी माझ्या शेऱ्यावर, सर्वांसमोर, रेघ मारली. सही केली. तारीख घातली. आणि प्रथमच, वेळही: सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. टाचणी मागे भिंतीला टेकून उभी होती. बाहेर पडताना ती म्हणाली, "बाई, रेघ वाकडी आली." मी म्हटले, "हात थरथरत होता." ती म्हणाली, "तेही लिहायचं ना मग."

अध्यक्षांचा निर्णय तू ऐकलास. एका बाजूला तीन वर्षांचे आकडे, दुसऱ्या बाजूला एक मुलगी आणि तिची बाई. त्यांना दोन्हींवर भरवसा नाही. सतरा तारखेला पहाटे साडेपाचला, समितीसमोर, समितीचे सल्लागार स्वतः पाणी भरतील आणि मोजतील. प्राणवायू चारच्या वर आला, तर परवाना रद्द आणि दाखल्यावर शेरा. खाली आला, तर दोन्ही मागे आणि नाल्याची चौकशी.

म्हणजे सगळे तुझ्या हातावर आले. होडी टाचणीचे वडील वल्हवतील. तू त्यांच्याकडे पाठ करून बसू शकतोस, पण होडी लहान आहे.

आता नीट ऐक. पाण्यात प्राणवायू नसेल, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. तरी बाटलीत तो आणता येतो. बूच बसवताना मनगट किंचित तिरके केले की हवेचा एक मण्याएवढा बुडबुडा आत राहतो. औषधे घालून हलवले की तो विरघळतो, साका तपकिरी होतो, आणि दीडाचे चार-पाच होतात. समितीतल्या कोणालाही ते कळणार नाही. ते कसे टाळायचे हे या शहरात तूच शिकवलेस; म्हणून ते कसे करायचे हेही तुलाच ठाऊक आहे. तुझा हात चुकून थरथरला असे मला सांगू नकोस. तुझ्या बाटलीत बुडबुडा राहिला, तर तो ठेवला म्हणून राहील.

मी काठावर उभी असेन, पण काही बोलणार नाही. टाचणी होडीत असेल. मी अध्यक्षांकडे एकच मागणे मागितले आणि त्यांनी ते मान्य केले: तू बूच लावलेस की औषधे घालण्याआधी बाटली तिच्या हातात द्यायची, म्हणजे ती तुझीच बुडबुड्याची तपासणी तुझ्यावर करील. मी तुला माफ केलेले नाही, आणि तू मला करावेस अशी अपेक्षाही नाही. घरी आलास तर मी दार उघडीन की नाही हे मला माहीत नाही. पण ती तपासणी तुझ्या सगळ्या शिकवण्यातली सर्वांत चांगली गोष्ट होती, आणि हे मी तुला कधी सांगितले नाही.

सतराची वाट न पाहता तू ती घरीच करून बघ. हात अजून कोणाचा आहे ते कळेल, सल्लागाराचा की बुडबुडे सरांचा. बादलीत पाणी घे. काचेची बाटली पुरती बुडव आणि पाण्याखालीच तिला बूच लाव. बाहेर काढ, उजेडासमोर उलटी धर आणि दहापर्यंत मोज. आत काही चकाकत वर सरकते का, ते पाहा.